गोजिऱ्याची चाल

नरकासुराला मारायला किती वेळ लागावा, याबद्दल आपल्याकडे एकमत नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे तुळशीपुढे कारीट ठेवायचे, डाव्या पायाच्या अंगठ्याने ते फोडायचे, की झाला नरकासुर खलास. एवढ्या मोठ्या असुराचा एवढ्या चटकन निकाल लावणारे लोक जगात दुसरे कुठे नसतील. गोव्यात मात्र तोच नरकासुर बांबूचा, गवताचा आणि कागदाचा करतात. पोरे त्याच्यासाठी दिवसचे दिवस खपतात, चतुर्दशीच्या आदल्या रात्री त्याला रात्रभर मिरवतात आणि पहाट होता होता जाळून टाकतात. राक्षस तोच आणि मरणही तेच. पण एकीकडे तो अर्ध्या क्षणात मरतो आणि दुसरीकडे त्याला मरायला सबंध रात्र लागते. मला स्वतःला गोव्याची पद्धत अधिक पटते. राक्षस आला, त्याने भिववले, लोकांनी माना वर करून त्याच्याकडे पाहिले आणि मग तो गेला, असे झाले तरच त्याच्या जाण्याचे काही समाधान!

हा विचार माझ्या डोक्यात शिरला तो मात्र जपानमुळे. सावेडीत बसून जपानी राक्षसांची उठाठेव करणारा माणूस जरा चमत्कारिकच म्हटला पाहिजे. इथे मनमाड रस्त्याची रहदारी, भाजीचे भाव आणि नळाचे पाणी एवढे विषय माणसाला जन्मभर पुरतात. परंतु आवड काही पत्ता विचारून घरात शिरत नाही. सिनेमातले राक्षस मला लहानपणापासून आवडतात. आणि त्यांतही आवडतो तो समुद्रातून येणारा, पाठीवर काटेरी तुरे मिरवणारा, सारे जग ज्याला गॉडझिला म्हणते तो. त्याचे जपानी नाव ‘गोजिरा’. गोरिला आणि ‘कुजिरा’ म्हणजे देवमासा, या दोन शब्दांची मोडतोड करून ते बनवले आहे. जपानी माणसाला ते ऐकून काय वाटत असेल ते असो. मराठी माणसाची मात्र मोठी पंचाईत होते. आपल्याकडे गोजिरा म्हटला की डोळ्यांपुढे येते ते काजळ-तीट लावलेले, टोपडे घातलेले गुटगुटीत बाळ. पन्नास मीटर उंचीच्या आणि तोंडातून आग ओकणाऱ्या जनावराला गोजिरा कसे म्हणायचे? माझ्या पत्नीने हे नाव प्रथम ऐकले तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “त्याच्या आईला वाटत असेल हो गोजिरा!”

या गोजिऱ्याच्या चित्रपटांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. राक्षस फार उशिरा येतो, तोवर माणसेच बोलत बसतात, आणि आला तरी तो सावकाश चालतो, असा तो आक्षेप आहे. तो घेणाऱ्यांत आमचे नातवंड आघाडीवर आहे. गेल्या सुट्टीत मी त्याला १९५४ सालचा पहिला ‘गोजिरा’ मोठ्या हौसेने लावून दिला. ९६ मिनिटांचा तो चित्रपट या पठ्ठ्याने सात-आठ मिनिटांत संपवला! हल्ली पडद्यावर बोट टेकवले की चित्र दहा सेकंद पुढे उडी मारते. माणसे दिसली की याचे बोट टेकलेच. अशा उड्या मारीत तो राक्षसापाशी पोहोचला, त्याच्याकडे क्षणभर पाहिले आणि म्हणाला, “आजोबा, आत माणूस आहे. कळतंय.”

त्याचे म्हणणे अगदी बरोबर होते. आत माणूसच होता. हारुओ नाकाजिमा हे त्या नटाचे नाव. रबराचा तो जड पोशाख अंगावर चढवून प्रखर दिव्यांच्या उष्म्यात तो बिचारा चालत होता. हे मला पूर्वीपासून ठाऊक आहे. मग मला तो राक्षस का दिसतो आणि नातवाला माणूस का दिसला? या प्रश्नाने मला काही दिवस बरेच छळले. माझ्या मनाने त्याचे जे उत्तर दिले ते असे: मी त्याची वाट पाहिलेली असते, नातवाने पाहिली नव्हती.

ही वाट कशी पाहायला लावली आहे ते सांगण्यासारखे आहे. चित्रपट ३ नोव्हेंबर १९५४ रोजी जपानात झळकला. दिग्दर्शक इशिरो होंडा. राक्षस आणि त्याच्या पायाखाली चिरडणारे शहर ही एइजी त्सुबुराया यांची करामत. त्याच वर्षी १ मार्चला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बाँबची चाचणी घेतली होती आणि तिची राख दूरवर मासे धरीत असलेल्या एका जपानी नावेवर पडली होती. त्या नावेचे नाव, दैवाचा खेळ पाहा, ‘भाग्यवान ड्रॅगन क्रमांक ५’ असे होते. तिच्यावरचे तेवीसही जण आजारी पडले आणि बिनतारी यंत्र सांभाळणारा माणूस सप्टेंबरात वारला. हिरोशिमा-नागासाकीला तेव्हा अवघी नऊ वर्षे झाली होती. चित्रपटाची सुरुवात होते ती एका बोटीवर. शांत समुद्र, डेकवर वाजवीत बसलेले खलाशी. एकाएकी पाणी उजळते आणि बोट पेट घेते. ही बोट कोणती, हे त्या वेळच्या जपानी प्रेक्षकाला सांगावे लागले नसेल.

यानंतर राक्षस येत नाही. येतात ते खलाशांचे नातेवाईक. बोटीच्या कंपनीच्या कचेरीत ते गर्दी करतात आणि आपला माणूस वाचला का म्हणून विचारतात. मग ओडो नावाचे एक कोळ्यांचे बेट. जाळ्यात मासे नाहीत. एक म्हातारा काही जुनी दंतकथा सांगतो आणि तरुण मुले हसतात. रात्री वादळ होते, घर कोसळते; कशाने, ते नीट दिसत नाही. वीस-बावीस मिनिटे अशी गेल्यावर भर दिवसा एका डोंगरामागून फक्त डोके वर येते. आमच्या नगरच्या माणसाला हे दृश्य पाहून चांदबिबीचा महाल आठवल्याशिवाय राहणार नाही. हा महाल म्हणजे खरे पाहता सलाबतखानाची कबर. डोंगरमाथ्यावरची ही तीन मजली वास्तू सुमारे ७० फूट उंच आहे. जवळ उभे राहून पाहिले तर ती इमारतच दिसते; पण रस्त्याने येताना डोंगराच्या कडेवर ती अचानक डोके काढते तेव्हा छातीत किंचित धस्स होते. गोजिरा तिच्या दुपटीहून उंच. आणि एवढे डोके दाखवून तो परत जातो! टोकियोत त्याचे पहिले पाऊल पडते तेव्हा पाऊण तास होत आलेला असतो. मधल्या वेळात तज्ज्ञ साक्ष देतात, संसदेत भांडणे होतात, ही बातमी लोकांना सांगावी की दडपावी यावर पुरुष सभासद कुजबुजतात आणि बायका उठून त्यांना खडसावतात. वृद्ध शास्त्रज्ञाचे काम ताकाशी शिमुरा या नटाने केले आहे. त्याच वर्षी कुरोसावाच्या ‘सेव्हन सामुराई’त म्होरक्या झालेला हा माणूस इथे असा थकलेला दिसतो की, येणारे संकट किती मोठे आहे ते त्याच्या खांद्यांवरून कळावे.

हे सगळे कंटाळवाणे आहे असे ज्यांना वाटते त्यांना मी बकासुराची गोष्ट आठवायला सांगेन. आपण मुलांना ती सांगतो तेव्हा भीमाने गाडाभर भात कसा खाल्ला आणि पाठीवर बसणारे गुद्दे न मोजता तो कसा जेवत राहिला, एवढेच रंगवून सांगतो. महाभारतात मात्र गोष्ट सुरू होते ती एकचक्रा नगरीतल्या एका गरीब ब्राह्मणाच्या घरातल्या रडण्यापासून. राक्षसाकडे जाण्याची पाळी त्या घराची आहे. बाप म्हणतो मी जातो; आई म्हणते मी जाते; मुलगी म्हणते मला जाऊ द्या. आणि अजून नीट बोलताही न येणारा लहान मुलगा हातात गवताची काडी घेऊन म्हणतो, मी हिनेच राक्षसाला मारतो. त्या दुःखातही घरची माणसे हसतात. भिंतीपलीकडून कुंती हे ऐकते आणि मगच भीमाचे नाव निघते. बकासुर अजून दिसलेला नाही, पण तो किती मोठा आहे हे त्या काडीवरून आपल्याला कळून चुकले आहे. हा भाग कापून टाका आणि थेट गाड्यापाशी या. मागे उरेल ती दोन दांडग्यांची मारामारी. आणि मारामारीत कोण जिंकतो याची फिकीर आखाड्याबाहेर कोणाला असते?

वाट पाहण्याचे झाले. आता चालीचे पाहू. गोजिरा हळू चालतो तो आळसाने नव्हे. त्यामागे हिशेब आहे. दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या रस्त्यांवर उसाने लादलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर दिसू लागतात. लांबून, आकाराचा काही अंदाज येत नसतानाही, ते धूड किती वजनदार आहे हे आपल्याला कळते. कारण ते सावकाश हलते. उंदीर तुरतुरतो आणि हत्ती डुलतो. मोठ्या वस्तूला पडायलाही अधिक वेळ लागतो. दोन मीटरांवरून सोडलेला दगड सुमारे ०.६४ सेकंदात जमिनीवर येतो; पन्नास मीटरांवरून सोडलेल्याला सुमारे ३.२ सेकंद लागतात. उंची पंचवीसपट झाली तर वेळ पाचपट होतो. आता दोन मीटरांच्या पोशाखातला नट पन्नास मीटरांचा दिसायला हवा असेल आणि त्याने पाडलेली लाकडाची नि प्लॅस्टरची इमारत खरी वाटायला हवी असेल, तर चित्र पाचपट वेगाने टिपले पाहिजे. पडद्यावर सेकंदाला २४ चित्रे सरकतात. तिथे १२० टिपायची आणि मग २४च्या संथपणाने दाखवायची. त्सुबुरायांच्या कॅमेऱ्याची सारी मेहनत या दिशेने होती. जितक्या वेगाने चित्रे घ्यावी तितका उजेड जास्त लागतो, आणि म्हणून नाकाजिमाच्या डोक्यावर ते भट्टीसारखे दिवे. एवढेच कशाला, गोजिऱ्याची ती प्रसिद्ध डरकाळीसुद्धा अशीच झाली. संगीतकार अकिरा इफुकुबे यांच्या कल्पनेप्रमाणे डबल बास या थोरल्या तंतुवाद्याच्या ढिल्या तारांवर राळ लावलेला हातमोजा घासला आणि निघालेला आवाज संथ करून वापरला.

गंमत अशी की, यामुळे चित्रपटात दोन घड्याळे एकदम चालू लागतात. एक राक्षसाचे, संथ. दुसरे पळणाऱ्या माणसांचे, नेहमीचे. माणसे एका ठिकाणी टिपलेली, राक्षस दुसरीकडे. आणि कात्री-चिकटीच्या टेबलावर बसलेल्या संकलकाने ती दोन घड्याळे जुळवायची. इथेच हे चित्रपट करकरतात. पळणाऱ्या बाईने मान वर केली त्या क्षणाला जोडून राक्षसाचे पाऊल यावे. एक श्वास आधी आले तर ती त्याला पाहायच्या आतच तो दिसतो, आणि दोन श्वास उशिरा आले तर ती कुठे पाहते आहे तेच आपण विसरतो. पुष्कळ ठिकाणी हे जुळते. काही ठिकाणी मुळीच जुळत नाही. फौजेचे खेळण्यातले रणगाडे तर दोन्ही घड्याळे सोडून तिसऱ्याच वेळेवर धावतात. आमच्या नगरला रणगाड्यांचे संग्रहालय आहे, १९९४ साली स्थापन झालेले. तिथे दुसऱ्या महायुद्धातला जपानी रणगाडाही पाहायला मिळतो. चिलखती दलातून निवृत्त झालेले आमचे एक शेजारी एकदा माझ्याबरोबर गोजिरा पाहायला बसले. शहर पडले, पूल पडला, ते काही बोलले नाहीत. रणगाडे आले तेव्हा मात्र खुर्चीत ताठ होऊन म्हणाले, “अहो, हा असा टुणटुण कसा चालेल? लोखंड आहे ते!” पंचवीसपट आणि पाचपट यांचे सारे गणित त्या एका वाक्यात आले होते.

संथपणाचे असे दोन-दोन अर्थ ज्या चित्रपटात आहेत त्याच्यावर कात्री चालवावी असे लोकांना वाटले, हे त्याचे दुर्दैव. १९५६ साली अमेरिकेत तो दाखवताना टेरी मोर्स यांनी त्याची नवी आवृत्ती केली. पुष्कळसा जपानी भाग काढून टाकला आणि रेमंड बर या नटाला वार्ताहर करून मध्ये मध्ये बसवला. मूळ जपानी नट समोर नव्हतेच. म्हणून पाठमोरी माणसे उभी करून बर त्यांच्याशी बोलत आहे असे दाखवले. चित्रपट ८० मिनिटांचा झाला. सुरुवातच उद्ध्वस्त टोकियोने होते आणि मग वार्ताहर मागची हकीगत सांगतो. म्हणजे आधी कळस, मग पाया! ही आवृत्ती अगदीच टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. गोजिऱ्याला जगात नाव मिळाले ते तिच्यामुळेच, आणि बरचा गंभीर आवाज ऐकत राहावासा वाटतो. परंतु तिच्यात एक छोटेसे दृश्य गळले. शहराच्या आगगाडीत दोघे पुरुष आणि एक तरुण बाई गप्पा मारीत असतात. किरणोत्सर्गाने बाधलेले मासे झाले, विषारी पाऊस झाला, आता हा गोजिरा, असे ती म्हणते. आणि त्याच सुरात सांगते की नागासाकीतून ती कशीबशी जीव वाचवून आली आहे. एक पुरुष म्हणतो, पुन्हा गाव सोडून जायची जागा शोधायला हवी, दुसरा वैतागतो. गाडी पुढे जाते. झाले एवढेच. गोष्ट पुढे सरकायला या दृश्याची काडीइतकीही गरज नाही, आणि ज्याच्या हातात कात्री आहे तो पहिल्यांदा अशाच जागेवर ती ठेवतो. अमेरिकेच्या चित्रपटगृहांत मूळ जपानी चित्रपट रीतसर लागायला २००४ साल उजाडावे लागले.

जपान्यांनी स्वतः तरी काय केले? १९६२ साली होंडा-त्सुबुरायांनी किंग काँग आणि गोजिरा यांची झुंज लावली. १९७० साली मुलांच्या सुट्टीतल्या खेळांसाठी ९७ मिनिटांच्या त्या चित्रपटाचे ७४ मिनिटांचे पोर केले, आणि तेही नक्कल कापून नव्हे, मूळ निगेटिव्हलाच कात्री लावून. कापलेले तुकडे नीट राहिले नाहीत, आणि सबंध चित्रपट चांगल्या रूपात पुन्हा पाहायला मिळाला तो २०१६ साली! मुलांना बोलणे नको, मारामारी हवी, या समजुतीने हे केले. त्याच समजुतीने १९६५च्या चित्रपटात गोजिऱ्याने उड्या मारीत नाचही केला. चाल जलद झाली, वजन गेले, आणि रबराचा तो राक्षस आपल्या मराठी अर्थाने खरोखरच गोजिरा झाला.

तरी या चित्रपटांचा सगळाच संथपणा मी डोक्यावर घेऊन नाचणार नाही. कुस्तीत आधी खडाखडी होते. पैलवान एकमेकांचे हात धरतात, मान रेटतात, अंदाज घेतात. जाणता प्रेक्षक ती आनंदाने पाहतो, कारण तिच्यातून डाव निघणार असतो. पण अर्धा तास नुसती खडाखडीच चालली तर तोच प्रेक्षक ‘निकाली करा’ म्हणून ओरडतो. पुढच्या काळातल्या कित्येक जपानी झुंजी अशा ओरडायला लावणाऱ्या आहेत. फौजेच्या गाड्या एका बाजूने येतात आणि दुसऱ्या बाजूने जातात. मग त्याच गाड्या पुन्हा येतात. १९६९ सालच्या चित्रपटात तर बऱ्याच झुंजी १९६६ आणि १९६७च्या चित्रपटांतून जशाच्या तशा उचलल्या आहेत. शिळ्या कढीला ऊत म्हणतात तो हा. मौज अशी की, त्याच चित्रपटात आईबाप दोघेही कामाला गेल्यामुळे घरी एकटा राहणारा आणि स्वप्नात राक्षसांच्या बेटावर जाणारा एक मुलगा आहे; आणि जिथे तो रिकाम्या घराचे कुलूप उघडतो तिथे काहीही न घडता चित्रपट जिवंत होतो. वेळ दोन्हीकडे जातो. एकीकडे त्या वेळात कुणीतरी राहत असते, दुसरीकडे तो नुसता भरलेला असतो. संकलकाची सारी विद्या हे ओळखण्यात आहे.

ही विद्या आपल्याकडे नव्हती असे मात्र नाही. इथून मनमाडच्या रस्त्याला लागून पुढे नाशिककडे वळले की दादासाहेब फाळक्यांचा मुलूख लागतो. त्यांचा १९१९ सालचा ‘कालिया मर्दन’ बराचसा शिल्लक आहे. कृष्ण झाली आहे त्यांची लहानगी कन्या मंदाकिनी. चित्रपटाच्या आरंभी फाळके तिचा नुसता चेहरा दाखवतात. तो हसतो, रुसतो, रागावतो, आणि मग हळूहळू त्याचा कृष्ण होतो. सापाची घाई त्यांना नाही. आणि यमुनेच्या पाण्यात झुंज जुंपते तेव्हा ते काठावर व्याकूळ झालेली माणसे दाखवायला विसरत नाहीत. पाण्यातला नाग कापडाचा असेल. काठावरची काळजी खरी आहे, आणि नागाचे विष आपल्याला चढते ते तिच्यातून. पुढे १९६६ साली मुंबईच्या चित्रपटवाल्यांनीही गोजिऱ्यावर नजर ठेवून ‘गोगोला’ नावाचा एक समुद्रराक्षस काढला. तो चित्रपट आज पाहायला मिळत नाही. मागे राहिली आहेत ती गाणी. राक्षस बुडाला आणि गाणी तरली, यात हिंदी चित्रपटांची सबंध समीक्षा आली असे एखादा खवचट माणूस म्हणेल.

आपल्या चित्रपटगृहांनी यात आणखी एक घड्याळ मिसळले, ते मध्यंतराचे. माझ्या लहानपणी एका थिएटरात सकाळच्या खेळाला इंग्रजी बोलणाऱ्या जपानी माणसांचा असा एक चित्रपट लागला होता. परदेशी चित्रपटाला मध्यंतर नसते, पण बटाटेवडेवाल्याला ते हवेच असते. समुद्र खवळला, पाण्यातून तुरे वर आले, सबंध थिएटर श्वास रोखून बसले, आणि दिवे लागले! दहा मिनिटे आम्ही पोरे वडे हातात धरून, न खाता, पडद्याकडे पाहत होतो. ते मध्यंतर चुकीच्या जागी होते यात शंका नाही. तरी एवढा मोठा राक्षस मी त्यानंतर पाहिलेला नाही.

अलीकडच्या चित्रपटांनी हा हिशेब नव्याने मांडला आहे. २०१६च्या ‘शिन गोजिरा’त हिदेआकी आन्नो यांनी सरकारी बैठकाच बैठका दाखवल्या. एका समितीतून दुसरी समिती निघते, कागद या टेबलावरून त्या टेबलावर जातात. पण हे सारे इतक्या झपाट्याने कापून जोडले आहे की बैठकांना धाप लागते आणि राक्षस मात्र निवांत उभा असतो. सरकारी कचेरीत एका दाखल्यासाठी ज्याने तीन खेपा घातल्या आहेत त्याला या चित्रपटाची चाल समजावून द्यावी लागणार नाही. २०२३च्या ‘गोजिरा मायनस वन’मध्ये ताकाशी यामाझाकी यांनी राक्षस सुरुवातीलाच दाखवून टाकला आणि मग बराच वेळ दाखवला तो युद्धाने मोडलेल्या टोकियोतला एक संसार: मरायला पाठवलेला पण जिवंत परतलेला वैमानिक, एक तरुणी आणि दोघांपैकी कुणाचेच नसलेले एक मूल. गळक्या छपराचे पक्के घर होते, मूल बोलू लागते. या चित्रपटाला २०२४ साली ऑस्कर मिळाले ते दृश्य-करामतींसाठी. अवघ्या पस्तीसेक कारागिरांनी त्या केल्या याचे जगाने कौतुक केले, आणि ते योग्यच झाले. पण राक्षस पुन्हा येतो तेव्हा आपला जीव कशाला टांगतो? त्या नुकत्याच उभ्या राहिलेल्या घराला.

आमच्या घरी जुना ‘गोजिरा’ पुन्हा लागला तो फराळाच्या गडबडीत. पत्नी करंज्या कातीत होती, नातू शेजारी बसून सारणावर डोळा ठेवून होता, आणि त्याचे हात पिठाने भरले असल्यामुळे चित्रपटाला उड्या मारायला लावणे त्याला शक्य नव्हते. खाली येणारी इंग्रजी अक्षरे तो आजीला मराठीत सांगत होता. खलाशांचे नातेवाईक आले, म्हातारा आला, संसद आली. मग ती आगगाडी आली. नातवाने सांगितले, “आजी, ही म्हणते, मी नागासाकीतून वाचून आले.”

कातणे पोळीवर तसेच थांबले. “म्हणजे हिच्यावर हे दुसऱ्यांदा आलं?” तिने विचारले.

नातू काही बोलला नाही. बराच वेळ त्याने सारणाकडेही पाहिले नाही. पुढे राक्षस टोकियोत शिरला, तारा तुटल्या, आगी लागल्या, तेव्हा तो एकदाच बोलला: “आजी, ती गाडीतली बाई यात असेल का?” आत माणूस आहे हे त्याला त्या दिवशी आठवले नाही.

म्हणून माझी आपली एक साधी सूचना आहे. या दिवाळीत पाहुणे जमले, फटाके संपले आणि मुलांना राक्षस पाहायचा असला तर हा जुना ‘गोजिरा’ लावा. ९६ मिनिटांचाच आहे. चकलीचा एक डबा त्याला पुरतो. यंत्राचा ताबा घरातल्या सगळ्यात वडील माणसाकडे द्या. मध्यंतर हवेच असेल तर पाण्यातून तुरे वर येतील तेव्हा घ्या, माझी हरकत नाही. मात्र आगगाडीतली ती बाई बोलू लागली की कुणालाही चहा टाकायला उठू देऊ नका.